अंधारात उजेड दाखवणारा मीटर



अजिंठ्याची लेणी आमच्या फर्दापूरजवळच आहेत. लेण्यांत दिवे मंद असतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत, कारण तीव्र प्रकाशाने चित्रांचे रंग फिके पडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. त्यावरूनच गावातल्या एका शाळकरी मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी मंद उजेड मोजणारा मीटर करायला घेतला.

साहित्य थोडेच होते: उजेडात ज्याचा रोध घटतो तो एलडीआर, एक रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि ७४१ हा ऑप-अँप. ही आयसी १९६८ सालची. जोडणी अशी, की जेवढा विद्युतदाब आत, तेवढाच बाहेर. पण एलडीआर मुठीत झाकला तरी बाहेर २ व्होल्ट! मुलाने तीन आयसी बदलल्या. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, सगळ्याच खराब निघाल्या."

मी म्हटले, "आधी मोजू, मग दोष देऊ."

मल्टिमीटर लावला. सातव्या आणि चौथ्या पायांत ९ व्होल्ट, म्हणजे पुरवठा ठीक. एलडीआर झाकल्यावर आत येणाऱ्या तिसऱ्या पायावर ०.१ व्होल्ट, बाहेरच्या सहाव्या पायावर मात्र २. मूठ उघडली, तेव्हा तिसऱ्यावर ४ आणि सहाव्यावरही ४! आयसी बिघडलेली असती, तर उजेडात बरोबर कशी चालली असती?

खरी गोष्ट अशी, की ७४१ पुरवठ्याच्या टोकापर्यंत पोचत नाही, एक-दोन व्होल्ट अलीकडेच थांबतो. टोकाजवळचा दाब आत आला, तरी त्याला तो नीट हाताळता येत नाही. आमच्या जोडणीत खालचे टोक म्हणजेच शून्य. मग तो शून्य दाखवणार कसा?

उपाय दोन. दुसरी बॅटरी जोडून चौथ्या पायाला उणे ९ व्होल्ट द्यायचे, किंवा शून्याजवळ काम करणारी एलएम३५८ वापरायची. आम्ही दुसरा उपाय केला. तिचे पाय मात्र वेगळे आहेत: पुरवठा आठव्या पायाला, बाहेरचा दाब पहिल्यावर. मूठ मिटली आणि आकडा शून्याच्या जवळ आला.

पहिल्या मीटरला काळोख आणि मंद उजेड सारखेच दिसत होते. चित्रे जपायची तर नेमका तोच फरक कळायला हवा. म्हणून उत्तर चुकले की सुटा भाग फेकण्याआधी पुरवठा, आत आणि बाहेर हे तिन्ही मोजा. त्या मुलाच्या तिन्ही आयसी चांगल्याच होत्या. त्या त्याने जपून ठेवल्या आहेत.