आधी पाहिलेले, मग वाचलेले
(मंडळाच्या गणेशोत्सवात कला-अभ्यास गटाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वडोदऱ्यात कलाशिक्षण घेणारी मुले घरोघरी आहेत. 'एका प्राचीन रोमन शिल्पाचे दृश्य-विश्लेषण लिहा' असा प्रश्न त्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. मग पहिली दोन पाने रोमच्या इतिहासाने भरतात आणि शिल्प शेवटच्या चार ओळींत उरकले जाते. आज आम्ही उलट्या क्रमाने जाणार आहोत. एकच शिल्प घेऊ, आधी डोळ्यांनी वाचू आणि पुस्तक मागाहून उघडू.

शिल्पाचे नाव 'बार्बेरिनी टोगाटस'. टोगाटस म्हणजे टोगा पांघरलेला माणूस. बार्बेरिनी हे शिल्प पूर्वी ज्यांच्याकडे होते त्या रोममधल्या सरदार घराण्याचे नाव. आज ते रोमच्या कापिटोलिन संग्रहालयांकडे आहे. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाची अखेर, माध्यम संगमरवर, उंची सुमारे 165 सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ आपल्याएवढाच माणूस समोर उभा आहे. ही नोंद पहिल्या दोन ओळींत यावी. देवाची भव्य मूर्ती आणि माणसाच्या मापाचा पुतळा आपल्याशी वेगवेगळ्या प्रकारे बोलतात.

आता फक्त दिसते ते लिहू. एक पुरुष उभा आहे. अंगभर जाड वस्त्र, त्याच्या खोल चुण्या. डावा हात कोपरात वाकलेला, त्यावर छातीच्या उंचीला एका पुरुषाचा अर्धपुतळा. उजवा हात खाली, त्याच्याखाली दुसऱ्या पुरुषाचे मस्तक, आणि ते मस्तक ताडासारख्या झाडाच्या बुंध्यावर टेकलेले. म्हणजे एकाच शिल्पात तीन चेहरे, तेही तीन उंचींवर. आपली नजर वरच्या चेहऱ्यावरून छातीजवळच्या चेहऱ्यावर आणि तिथून खाली जाते. या उतरत्या वाटेलाच रचना म्हणतात. ती शब्दांत मांडली की विश्लेषणाचे निम्मे काम झाले.

पुढचा प्रश्न, हे असे का? तो बुंधा शोभेसाठी नाही. संगमरवर भार सोसतो, पण अधांतरी बाहेर आलेला भाग सहज तुटतो. म्हणून शिल्पकार आधार ठेवतो आणि त्याला झाडाचे रूप देतो. टोगा हे लोकरीचे मोठे वस्त्र, ते पांघरण्याचा अधिकार रोमन नागरिकाचा. त्यामुळे इथे वस्त्रच माणसाचा दर्जा सांगते.

हातातले दोन्ही चेहरे तरुण वा देखणे केलेले नाहीत. वय लपवलेले नाही. रोमन समाजात वयाला आणि अनुभवाला मान होता आणि चेहऱ्यावरच्या रेषा ही त्याची खूण मानली जाई. शिवाय दोन्ही चेहऱ्यांची घडण एकाच काळातली नाही. अभ्यासकांच्या मते त्यांच्या शैलींत साधारण एका पिढीचे अंतर आहे. म्हणून एक आजोबा आणि एक वडील असावेत, असे मानले जाते.

आता पुस्तक उघडू. पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहून गेला की, मोठ्या रोमन घराण्यांत पूर्वजांचे हुबेहूब मुखवटे जपून ठेवत. घरात कुणी गेले की त्याच अंगलटीची माणसे ते मुखवटे आणि पूर्वजांच्या पदाला साजेशी वस्त्रे घालून अंत्ययात्रेत चालत. ते मुखवटे मेणाचे असत आणि घराच्या दर्शनी दालनातल्या कपाटांत ठेवलेले असत, ही माहिती पुढे थोरल्या प्लिनीने दिली. हे वाचल्यावर 'हातात मेणाचे मुखवटे आहेत' असे लिहिण्याचा मोह होतो. पण आपण पाहिले आहे काय? चारही बाजूंनी घडवलेली मस्तके. मुखवटा नव्हे. मुखवट्यांच्या प्रथेशी या शिल्पाचे नाते जरूर सांगावे, पण दोन्ही वस्तू एक करू नयेत. आधी पाहून लिहिण्याचा फायदा तो हाच.

सगळ्यात मोठी गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली आहे. तीन पिढ्या म्हटल्या की आपण लगेच साम्य शोधू लागतो. नाक आजोबांचे, जिवणी वडिलांची. आपल्याकडे बारशाला आलेल्या आत्याबाई पाळण्यात डोकावून हेच करतात. पण या पुतळ्याच्या धडावरचे डोके त्याचे नाहीच! तेही प्राचीन आहे, पण दुसऱ्या एका पुतळ्याचे. नंतरच्या काळात ते इथे बसवले गेले. वंशाचा अभिमान मिरवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चेहरा हरवला आहे, आणि त्याचे नावही कुणाला ठाऊक नाही. ज्यांना त्याने हातांत धरले, ते मात्र शाबूत आहेत.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. 'चेहऱ्यांत घराण्याचे साम्य दिसते' हे वाक्य लिहिण्यापूर्वी मान आणि खांदा यांचा सांधा पाहा, मूळ भाग कोणता आणि डागडुजीचा कोणता ते विचारा. वहीत दोन रकाने करा, 'दिसते' आणि 'वाटते'. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीला पहिल्यातला पुरावा हवा. सरावासाठी रोमला जायला नको. लक्ष्मीविलास राजवाड्यात ऑगस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराची कामे आहेत. पेन्सिल घेऊन एकाच शिल्पासमोर अर्धा तास उभे राहा.

आणि ज्येष्ठांना एक विनंती. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदली. भिंतींवर पगडीतल्या पणजोबांचे, नऊवारीतल्या पणजीबाईंचे फोटो आहेत. पगडीची बांधणी, दागिने, फोटोखालचे स्टुडिओचे नाव, जे दिसते ते आज नातवंडांकडून लिहून घ्या. जे फक्त आपल्याला आठवते ते वेगळ्या रकान्यात लिहा, आणि फोटोमागे नाव घाला. नाहीतर उद्या चेहरे राहतील आणि ते कुणाचे, हे सांगणारे कुणी नसेल.

गणपती बाप्पा मोरया!