आचाऱ्याची वही



स्वयंपाकावर लिहिण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नपदार्थांना मानाचे स्थान दिले. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ मराठीत छापून निघाले. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी पोहोचविले. राजाने लिहिले, गृहिणीने लिहिले. परंतु ज्याचा चरितार्थच चुलीवर चालतो त्या आचाऱ्याने लेखणी क्वचितच हाती धरली.

अपवाद आहेत. फ्रेंच बल्लवाचार्य एस्कॉफिए याने लंडनच्या कार्लटन हॉटेलचे मुदपाकखाने सांभाळीत असतानाच १९०३ साली आपला पाकग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईतील दादरच्या खानपान संस्थेच्या प्राचार्या थंगम फिलिप यांनी व्यावसायिकांसाठी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले, तर नागपूरचे विष्णू मनोहर यांची मराठी पुस्तके सर्वपरिचित आहेत. पण ही झाली शहरांची गोष्ट.

दापोली तालुक्यातील आंजर्ल्यासारख्या गावी काय दिसते? जोग नदीच्या मुखाशी नारळी-पोफळीत वसलेले, कड्यावरच्या गणपतीमुळे प्रसिद्ध असलेले हे गाव. कोकणातील अशा गावांत लग्न, मुंज, उत्सव यांच्या पंक्ती गावचा आचारीच उठवितो. अलीकडे पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या भगिनींचीही त्यात भर पडली आहे. या मंडळींचे ज्ञान घरगुती पाकपुस्तकांत सापडत नाही, कारण ती चार-सहा माणसांसाठी लिहिलेली असतात. चौघांच्या भाताचे पाणी शंभरपट केले तर चारशेंचा भात गिजका होईल. मोठ्या पातेल्यातून वाफ प्रमाणाने कमी जाते आणि चुलीवरून उतरविल्यावरही आतला भात अंगच्या उष्णतेने शिजत राहतो. तांदूळ नवा असेल तर पाणी आणखी आवरते घ्यावे लागते. आगळाच्या खारटपणावर सोलकढीचे मीठ ठरते. हे सारे आचाऱ्याच्या हातात असते, कागदावर नसते. हात थांबला की तेही संपते. कित्येक जुन्या आचाऱ्यांचा हिशेब तर अजून पायली-शेराचाच, आणि तो समजणारी माणसे विरळ होत चालली आहेत.

शाळांच्या पोषण आहारातही हाच प्रश्न आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य शासनाने ठरवून दिले. ते रुचकर कसे शिजवावे, हे मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाच ठाऊक. त्यांची बदली कोणी आली, की पहिले काही दिवस मुलांच्या ताटात उमटतात!

लिहिण्यास सवड कोठली, असे आचारी म्हणेल. लग्नसराई संपल्यापासून गणपतीपर्यंतचा पावसाळा ही त्याची सवड होय. दुसरी शंका अधिक खरी आहे: कृती उघड केली तर पोटावर पाय येईल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. म्हणूनच वहीवर नाव आचाऱ्याचेच असावे, ती छापली गेल्यास मोबदला त्याचाच असावा, आणि एखादी कृती तो राखून ठेवू म्हणेल तर त्यास आग्रह करू नये. पुस्तक वाचून कोणी मोदकाची कळी पाडू लागत नाही, हेही त्यास सांगावे.

लेखनाची सवय नसलेल्यास शिक्षकाने लेखनिक मिळवून द्यावा. वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी चालेल. ‘अंदाजाने’ हा शब्द आला की त्याने तेथेच थांबून घटक तराजूत टाकावा. नारळाची संख्या लिहू नये, खोबऱ्याचे वजन लिहावे. पायलीभर तांदूळ किलोत किती भरले, पातेल्याचा व्यास किती, लाकूड कोणते जाळले, किती पाने उठली आणि किती भात उरला, हेही त्याच पानावर यावे. ग्रामपंचायतीने वहीची एक प्रत वाचनालयात ठेवावी. मूळ वही आचाऱ्याच्या घरीच राहू द्यावी.