आमदारसाहेबांना काय विचारावें?

(अंबरनाथ-बदलापूर भागांतील एका खेड्यांत पालकांच्या सभेपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



येत्या रविवारीं आपले आमदारसाहेब अधिवेशनाची हकीकत सांगावयास येणार आहेत. मंडप, हार, नारळ ह्यांची तयारी चालली आहे असें ऐकतों. हरकत नाहीं, पाहुण्याचा मान राखावा. परंतु मागच्या खेपेस अशाच एका सभेंत काय झालें तें मला विसरतां येत नाहीं. दोन तास भाषणें झालीं, कोटींचे आंकडे पावसासारखे पडले, आणि शेवटीं "कोणाला कांहीं विचारावयाचें आहे काय?" असें म्हटल्यावर आपण काय मागितलें? देवळापुढें एक शेड आणि एक हातपंप! मीहि तेथेंच बसलों होतों. वर्गांत पोरांना नफा-तोटा शिकविणारा मी मास्तर, पण माझ्या तोंडून अक्षर निघालें नाहीं. त्या लाजेपायींच आज उभा आहें. मी नोकरींतला माणूस. मत कोणाला द्या हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं, आणि तें मी सांगतहि नाहीं. बेरीज-वजाबाकी मात्र माझ्या धंद्यांतली आहे.

"आम्ही गरीब, आम्ही कुठला कर भरणार?" असें आपण म्हणतों. हा भ्रम आधीं टाका. साबणाची वडी घ्या, चपलेचा जोड घ्या. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. चालू आहे, आणि राज्यांतल्या राज्यांत झालेल्या विक्रीवरच्या ह्या कराचा अर्धा वांटा राज्याच्या तिजोरींत जातो. दुकानदार तो आपल्या खिशांतून देत नाहीं. तुमच्याकडून घेऊन पोंचवितो. बंगल्यांतल्या शेठाच्या वडीवर जेवढा कर, तेवढाच मोळी विकणारीच्या वडीवर. मग शेठाला हिशेब विचारण्याचा जेवढा हक्क, तेवढाच तिला नको काय?

हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं. १९२७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कौन्सिलांत नव्यानेंच सभासद झाले होते. फेब्रुवारींत अर्थसंकल्पावर बोलतांना त्यांनीं सरकारला रोखठोक विचारलें, कीं प्राप्तीवरच्या कराला ठराविक उत्पन्नाखालीं माफी आहे, पण जमिनीचा सारा मात्र लहानांतल्या लहान शेतकऱ्यालाहि सुटत नाहीं. हा न्याय कुठला? पुढें मार्चांत शिक्षणाच्या खर्चावर चर्चा निघाली. तेव्हां त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांतून दाखविलें, कीं शिक्षणावर माणशी अवघे १४ आणे खर्च होतात आणि दारूच्या करांतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल होतात. जेवढें दारूंतून घेतां, तेवढें तरी रयतेच्या शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी होती. लोकप्रतिनिधि म्हणजे काय, तें मला ह्या दोन भाषणांतून कळलें. आजहि तो तराजू मोडलेला नाहीं. जून २०२५ मध्यें राज्य सरकारनें दारूवरचा कर वाढविला, तेव्हां वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील असा अंदाज सांगितला होता. आले किती, आणि त्यांतले शाळांकडे किती वळले? रविवारचा हा पहिला प्रश्न मी लिहून ठेवला आहे.

दुसरा प्रश्न माझा नव्हे. भाजी विकणारी एक आजी, जिची बदलापुरांत एक खोली आहे, गेल्या महिन्यांत घरपट्टीचें बिल घेऊन शाळेंत आली. बोट ठेवून म्हणाली, "मास्तर, हा शिक्षण कर कुणाच्या शिक्षणाचा? माझा नातू तर फी भरून शिकतो." मी गडबडलों. हुशारी दाखवून वेळ मारून नेली, आणि मग घरीं जाऊन वाचलें. हा कर १९६२ च्या कायद्याचा. नगरपालिका तो गोळा करते खरी, पण तो तिचा नव्हे. राज्य सरकारचा आहे. म्हणजे आजीनें जाब विचारावा तो नगरसेवकाला नव्हे, आमदाराला. त्याच बिलांत दुकान-कारखान्यांवर रोजगार हमीचाहि कर असतो. कोणता पैसा कोणत्या तिजोरींत जातो हें ठाऊक नसलें, कीं माणूस ह्या कचेरींतून त्या कचेरींत फिरत राहतो आणि प्रत्येक जण म्हणतो, "हें आमच्याकडे नाहीं."

माझ्या स्वतःच्या पगारांतून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३००, मिळून वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. १९७५ चा हा कायदा. पूर्वीं मी कुरकुर करीत असें. मग समजलें, कीं विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून जी रोजगार हमी योजना निघाली आणि १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या हातांना जिनें काम दिलें, तिच्यासाठीं पगारदारांकडून हा पैसा घ्यावयाचा ठरला. तेव्हांपासून कुरकुर बंद केली. पैसा कशासाठीं घेतला तें स्पष्ट सांगितलें, तर माणूस आनंदानें देतो. पण आमच्या डोंगरपट्टीच्या वाड्यांतील कातकरी बांधव पावसाळा सरला कीं वीटभट्टीवर जातात, त्यांचीं पोरें माझ्या हजेरीपटावरून गळतात. ह्या निधींतून आपल्या तालुक्यांत किती हातांना काम मिळालें, हें कोणी विचारावयाचें?

आतां गाडीविषयीं. पहांटेच्या लोकलला लोंबकळणारे पुष्कळ जण समोर बसले आहेत, त्यांना मी काय सांगूं! कल्याणपुढें बदलापूरपर्यंत दोनच मार्गिका. त्यांवरूनच लोकल आणि त्यांवरूनच लांबच्या मेल-एक्सप्रेस. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचें सुमारें १४ किलोमीटरांचें काम मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या ज्या मोठ्या योजनेंत आहे, तिला केंद्र सरकारनें २०१९ सालीं मंजुरी दिली. आमदारांना विचारलें तर "रेल्वे दिल्लीची" म्हणून हात झटकतां येतात. पण ही योजना रेल्वे आणि राज्य सरकार ह्यांच्या भागीदारीची आहे. खर्चाचा निम्मा वांटा राज्याचा. म्हणजे तो विधानसभेच्या मंजुरीनेंच जातो. तेव्हां नम्रपणें विचारावें, "साहेब, राज्याचा हप्ता वेळेवर गेला काय? कोणत्या सालीं किती?" कांजुरमार्ग ते बदलापूर मेट्रोच्या नकाशाबद्दलहि तेंच विचारावें. नकाशा पाहून पोट भरत नाहीं.

राज्याचा एकूण जमाखर्चहि पोरांना घालतों तसा मांडून पाहूं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी दाखविला होता. तूट ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे शंभर कमावले आणि एकशें आठ खर्चिले. सावकाराच्या वहीचा अनुभव आपल्या आजे-पणज्यांना होता. अशा घराचें काय होतें तें मीं सांगावयास नको. म्हणून "अमुक योजना आणली" असें ऐकतांच टाळी वाजविण्यापूर्वीं पैसा कोठून येणार हें विचारावें. आमदारांच्या निधींतून गटार झालें कीं नांवाची पाटी लागते. तो निधि २०२२ पासून वर्षाला पांच कोटी आहे, पण तो त्यांच्या शेताच्या पिकाचा नव्हे. पाटी असूं द्या, खालीं रक्कमहि लिहा, एवढेंच माझें म्हणणें.

कोणी म्हणेल, मास्तर, विचारून काय होतें? न विचारल्यानें काय होतें तें मात्र आपण पाहिलें आहे. अंबरनाथ आणि बदलापूर ह्या नगरपालिकांची मुदत २०२० सालीं संपली आणि निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरांत. उल्हासनगर महापालिकेंतहि २०२२ पासून २०२६ च्या जानेवारीपर्यंत तोच प्रकार. इतकीं वर्षें घरपट्टीचें बिल एकदाहि यावयाचें थांबलें नाहीं. थांबला तो आपला नगरसेवक. कर चालू आणि विचारणारा बंद! त्या काळांत कोणत्याहि मोहल्ल्यांत ह्यासाठीं मोठी सभा भरल्याचें मला आठवत नाहीं. मीहि भरविली नाहीं.

रविवारीं शिक्षण कराचा प्रश्न ती आजी स्वतः विचारणार आहे. तिनें कबूल केलें आहे, फक्त पुढच्या रांगेंत जागा मागितली आहे, कारण तिला ऐकूं कमी येतें. गाडीचा प्रश्न रोज प्रवास करणाऱ्यांपैकीं कोणीतरी घ्यावा. उत्तर मिळेल तें तारखेसह मी शाळेच्या वहींत लिहून घेईन. शुक्रवारीं शाळा सुटल्यावर मी सहापर्यंत वर्गांत आहें. ज्यांना आपलें बिल वाचून घ्यावयाचें असेल त्यांनीं यावें, आणि मागच्या वर्षाची पावतीहि बरोबर आणावी.