विद्यापीठाचा शेजार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, ते न्यूयॉर्क शहरातील एका टेकाडावर वसलेले आहे. टेकाडाच्या पूर्व उतारावर मॉर्निंगसाइड पार्क आणि त्यापलीकडे हार्लेम. बाबासाहेब तेथे होते त्याच सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे हार्लेममध्ये येऊ लागली होती. पुढे पोर्टो रिकोमधील व डोमिनिकन प्रजासत्ताकातील श्रमिकही या परिसरात आले.

विद्यापीठ आणि वस्ती यांची ‘भागीदारी’ हा शब्द अलीकडे अमेरिकेत मोठ्या प्रतिष्ठेचा झाला आहे. पण कोणत्याही भागीदारीत आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : जमीन कोणाची, आणि प्रवेश कोणाला? दवाखाने, शिकवण्या, पाहण्यांचे अहवाल हे सारे त्यानंतरचे.

कोलंबियाने १९६१ मध्ये पार्कातील सुमारे दोन एकर सार्वजनिक जमीन व्यायामशाळेसाठी भाडेपट्ट्याने घेतली. भाडे होते वर्षाला ३ हजार डॉलर! इमारतीचा खालचा थोडासा भाग हार्लेमवासीयांना मिळणार होता, आणि त्यासाठी उताराच्या पायथ्याशी वेगळे दार ठेवले होते. गावातले दोन पाणवठे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दाराचा अर्थ सांगावा लागू नये. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या, पोलिसांनी सुमारे ७०० जणांना पकडले. व्यायामशाळेची योजना अखेर सोडून द्यावी लागली.

त्यानंतर विद्यापीठाची भाषा बदलली. पश्चिम हार्लेममधील मॅनहॅटनव्हिल भागातील १७ एकर जागेवर नवा परिसर उभारण्याची योजना आली, तेव्हा तेथील स्थानिक मंडळाने ऑगस्ट २००७ मध्ये ती ३२ विरुद्ध २ मतांनी नाकारली. मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते. डिसेंबरात नगर परिषदेने मंजुरी दिली. जमीन विकण्यास नकार देणाऱ्यांत एका शीख कुटुंबाचे पेट्रोलपंपही होते. प्रकरण न्यायालयात गेले. परिसर मोडकळीला आला आहे, असे राज्याच्या महामंडळाचे म्हणणे. वस्तुतः तेथील बहुतेक मालमत्ता तोवर विद्यापीठाच्याच हाती आली होती. तरीही जून २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी विद्यापीठाचा विस्तार हे सार्वजनिक प्रयोजन मानून सक्तीचे भूसंपादन वैध ठरवले. ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द आपल्या धरणग्रस्तांनाही चांगलेच परिचित आहेत.

मोबदल्यात २००९ मध्ये १५ कोटी डॉलरचा लाभ-करार झाला. त्यातून एक शाळा निघाली, घरांसाठी २ कोटी ४० लाख ठेवले गेले. हे क्षुल्लक म्हणता येणार नाही. व्यायामशाळेच्या वेगळ्या दारापासून येथवरची मजल हार्लेमने लढूनच गाठली. परंतु निधीला मुदत असते, भाडेवाढीला नसते. एकदा जमिनीचे भाव चढले की ज्यांच्यासाठी करार झाला तेच वस्तीतून उठतात. शिवाय विद्यापीठ मालमत्ताकरातून मुक्त आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या २०२३ मधील वृत्तानुसार कोलंबियाची ही बचत वर्षाला १८ कोटी डॉलरहून अधिक होती. एका वर्षाची करमाफी एकूण करारापेक्षा मोठी, हे गणित अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या मुलालाही समजेल.

त्याच हार्लेममध्ये, थोडे उत्तरेला, दुसरे टेकाड आहे. त्यावर सिटी कॉलेज हे सार्वजनिक महाविद्यालय. तेथे १८४७ पासून शुल्क नव्हते, मात्र गुणांची अट कडक असल्याने शेजारची मुले आत येत नसत. १९६९ च्या वसंतात कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी ते बंद पाडले. परिणामी १९७० पासून संपूर्ण सिटी विद्यापीठात खुला प्रवेश सुरू झाला. शहरातील शालान्त पदवी मिळवलेल्या प्रत्येकाला जागा. विशेष म्हणजे त्याचा लाभ इटालियन व आयरिश कामगारांच्या मुलांनीही मोठ्या संख्येने घेतला. वंशावंशांत तेढ वाढेल, असे भाकीत करणाऱ्यांनी याची नोंद घेतलेली दिसत नाही. भागीदारी हा शब्दही तेव्हा कोणी उच्चारला नव्हता!

१९७६ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि पहिला घाव या विद्यापीठावर पडला : शुल्क लागू झाले. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये मांडले गेलेले एक विधेयक लक्षणीय ठरते. तेव्हाचे राज्य विधानसभा सदस्य झोहरान ममदानी आणि सिनेटर जॉन ल्यू यांनी कोलंबिया व न्यूयॉर्क विद्यापीठ यांची करमाफी रद्द करून तो पैसा सिटी विद्यापीठाला द्यावा, अशी मागणी त्यात केली. त्यासाठी राज्यघटना बदलावी लागते. लागोपाठच्या दोन विधिमंडळांची संमती घेऊन मग प्रश्न मतदारांपुढे न्यावा लागतो.