काळ्या पाषाणाचे नाव

सोलापूरच्या शिवारात विहीर खणली की मातीखाली काळा पाषाण लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे हे थर. भूशास्त्र त्यांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणते. शाळेतील मुले हे नाव पाठ करतात; अर्थ क्वचितच कोणी सांगतो. 'ट्रॅप' म्हटले की त्यांना उंदराचा सापळाच आठवायचा! वस्तुतः हा शब्द स्वीडिश भाषेतील, जिन्याच्या अर्थाचा. थरावर थर साचून सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात, एवढे सांगितले तरी नाव जन्मभर लक्षात राहील. आणि 'डेक्कन' तर 'दक्षिण'चाच प्राकृतातून परदेशी गेलेला अवतार.

'गोंडवन' त्याहून दूर गेला. गोंडांच्या प्रदेशाचे हे नाव प्रथम मध्य भारतातील खडकांना मिळाले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी ते एका प्राचीन महाखंडाला दिले.

म्हणून सगळेच शब्द संस्कृतोद्भव ठरवू नयेत. त्याने संस्कृतचा मान वाढत नाही. 'फॉसिल' लॅटिनच आहे, अर्थ 'खणून काढलेले'. त्यासाठी मराठीत रूढ झालेला 'जीवाश्म' मात्र अधिक बोलका: जीवाचा झालेला अश्म. लॅटिन शब्द वस्तू कशी मिळाली ते सांगतो, हा ती काय आहे ते सांगतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावला सापडलेल्या डायनासोरचे नाव २००३ पासून 'इसिसॉरस' आहे. ते भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. डोंगरगाव त्यात कुठेच नाही.