गुडघा कुठे आहे?



दुपारी जेवणानंतर मैदानावर खो-खो आहे आणि यादीत कुणीतरी मला न विचारता माझं नाव घातलंय. म्हणून आधीच बोलून घेते. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना माझ्या डाव्या गुडघ्यातलं एसीएल तुटलं. मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं ते एक लिगामेंट. कुणाचा धक्का नाही, काही नाही. उडी मारून खाली आले, गुडघा आत वळला आणि ‘टक्’ आवाज आला. नंतर कळलं, बहुतेकांचं असंच तुटतं, धक्क्याशिवाय. आणि एकच खेळ खेळणाऱ्या मुलामुलींत मुलींचं जास्त.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी एक परीक्षा घेतली. डोळे मिटायचे. त्या माझा पाय एका कोनात नेऊन क्षणभर धरणार, मग खाली सोडणार. आता तोच कोन मी आणायचा. उजवा पाय पास. डावा सपशेल नापास, आणि मला मात्र खात्री, की बरोबर आलाय! स्नायू, सांध्याचं आवरण आणि लिगामेंट यांतल्या चेतातंतूंकडून मेंदूला ही खबर मिळत असते. लिगामेंट तुटलं की दोरी तर जातेच, एक सेन्सरही जातो.

मग ही परीक्षा आधीच घेतली असती तर धोका कळला असता का? मी विचारलं. तर तेवढं सोपं नाही. दुखापतीनंतर ही जाण बोथट होते, पण नुसतं अंश चुकण्यावरून कुणाचा गुडघा जाणार हे सांगता येत नाही. ताकद, उडीनंतर उतरायची ढब, थकवा, सगळंच त्यात येतं.

मला पटलं ते वेगळंच. पाय टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या आत, लिगामेंट तुटतं. खबर पोचून स्नायू आवळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणजे गुडघा नीट ठेवायचा तो पाय हवेत असतानाच, आणि ते सरावानेच येतं. एका पायावर तोल, अलगद उतरणं, गुडघा पावलाच्या रेषेत. फुटबॉलवाल्यांचा ‘फिफा ११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप याचसाठी आहे, आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी झालेल्या दिसल्या आहेत.

बाई, तुम्ही खो-खोआधी आम्हाला लंगडीची फेरी मारायला लावायचात. मी बुटाची नाडी बांधत बसून ती चुकवायचे. आज कबूल करते.

माझी लेक आठवीत आहे, खो-खो खेळते. ऑपरेशननंतर मी तिचा खेळ बंद केला होता. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. आता रोज रात्री दात घासताना आम्ही दोघी एका पायावर उभ्या असतो. ती डोळे मिटून. मी अजून बेसिन धरते.

तर आज मी पंच. सामन्याआधी सगळ्यांनी दहा मिनिटं आपापला तोल तपासायचा. शिट्टी मात्र बाईंच्या हातात.