आपल्या अंगणातले रोप पिंपळाचे की पायरीचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला समितीने बोधिवृक्षावर बोलायला सांगितले आहे. पण गेले वर्षभर आपल्या वस्तीत बोधिवृक्षावरून जे रामायण झाले, ते बाजूला ठेवून मी बोललो तर तुम्हीच हसाल. म्हणून त्याच्यावरच बोलतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या पावसाळ्यात आपली पोरं लेण्याद्रीला सहलीला गेली होती. परतीच्या वाटेवर एका शेताच्या दगडी बांधात हातभर उंचीचे रोप दिसले. पान बदामी. "बोधिवृक्ष सापडला!" म्हणून शेतकऱ्याला विचारून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर धरून त्यांनी ते आणले. अंगणात लावले, वर्गणी काढून कट्ट्याच्या विटाही आणल्या. आणि मग आपल्या एका आजींनी जवळ जाऊन पान चोळलं आणि म्हणाल्या, "आरं, ही पायर हाय. गावाकडं आमी शेरडांना घालायचो."

झालं! कोणी म्हणाले, आजींना दिसत नाही. कोणी म्हणाले, शुभकार्यात अपशकुन केला. बंधूंनो, ज्यांच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत त्यांच्या तोंडी अपशकुन हा शब्द यावा, याचे मला फार वाईट वाटले. आजी दोन महिने विहारात आल्या नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून पोरांनी मला पंच केले. मीही पहिल्या दिवशी पिंपळच म्हणालो होतो, हे आज सर्वांसमोर कबूल करतो.

आता हे ओळखायचे कसे? आधी पान तोडून चीक येतो का पाहिले. पांढरा चीक आला. नुसत्या चिकावर जाऊ नये, चीक रुईलाही असतो. पण फांदीच्या शेंड्याला टोकदार टोपी होती, आणि अशी टोपी गळते तिथे खोडावर बांगडीसारखा वळसा राहतो, तोही होता. हे वड-पिंपळाच्या कुळाचे लक्षण. काही लोक ज्याला पारोसा पिंपळ म्हणतात, त्याचेही पान बदामी असते. पण ते झाड भेंडीच्या कुळातले, पिवळ्या फुलांचे. ते बाद झाले. वडाचे पान जाड आणि टोकाला बोथट, उंबराचे लांबट, नांद्रुकाचे लहान आणि चकचकीत. तेही बाद. उरले पिंपळ आणि पायर.

इथेच खरी गोम आहे. देठावरून काही ठरत नाही, कारण दोघांचाही देठ लांब. कोवळ्या पालवीच्या तांबूस रंगावरूनही नाही. फरक आहे तो शेपटीत. पिंपळाच्या पानाचे टोक एकदम निमुळते होऊन लांब शेपटीसारखे लोंबते, पुष्कळदा पानाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे. पायरीला टोक असते, पण आखूड. मात्र अगदी लहान रोपाला पिंपळाचीसुद्धा शेपटी नीट फुटलेली नसते! म्हणजे नाक्यावरच्या म्हाताऱ्या पिंपळाचे पान आणून रोपाशी ताडून पाहणे म्हणजे आजोबांची मिशी नातवाच्या तोंडावर शोधण्यासारखे. मी तेच केले होते, उलट बाजूने. शेपटी नाही, तर लहान आहे म्हणून नसेल, असे मनाचे समाधान करून घेतले.

मग आम्ही बरोबरीचे रोप शोधले. आपल्या मागच्या चाळीच्या सांडपाण्याच्या पाइपाजवळ भिंतीच्या फटीत एक पिंपळ उगवला होता. ज्याच्याबद्दल सगळे तक्रार करत होते, तोच. उंची तेवढीच. पोरांनी दर रविवारी दोन्हींची पाने पट्टीने मोजून वहीत लिहिली. पावसाळा संपता संपता पाइपाजवळच्या रोपाच्या अकरा सेंटिमीटरच्या पानाला तीन सेंटिमीटर शेपटी होती. अंगणातल्याच्या तेवढ्याच पानाला जेमतेम एक. शिवाय देठ आणि मधली शीर लालसर. आजी बरोबर होत्या. पायर या नावाखाली दोन जाती चालतात, त्यातली खडकांवर वाढणारी ही असावी. ते फळे धरल्यावर पक्के होईल.

काहीजण म्हणाले, सर, कुणाला कळतंय, राहू द्या. पण आपण या झाडाला देव म्हणून पुजत नाही. ज्याच्या सावलीत तथागतांना संबोधी मिळाली त्या झाडाची आठवण म्हणून ते लावतो. मग आठवण तरी खरी नको का? बोधगयेचे जुने झाड १८७६ साली पडले, आजचे १८८१ मध्ये कनिंगहॅम यांनी लावलेले. हे कुणी लपवलेले नाही, आणि त्याने कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. अनुराधपूरला संघमित्रा थेरींनी फांदी नेली, तीही कुठली ते सांगून नेली.

आणि पायरीचा राग कशाला? पालीत पिंपळाला अस्सत्थ म्हणतात. बुद्धवंसात कस्सप बुद्धांचा बोधिवृक्ष वड आहे, कोणागमनांचा उंबर. सगळी भावकीच आहे. मात्र याच भावकीबद्दल संयुक्त निकायात एक सावध करणारे सुत्तही आहे. बी एवढेसे, झाड प्रचंड, आणि ज्या झाडाला वेढते ते मोडून पडते, अशा वृक्षांत पिंपळ, वड, उंबर मोजले आहेत आणि त्यांची तुलना मनाच्या पाच नीवरणांशी केली आहे. चाळीच्या भिंतीने हे सुत्त वाचलेले नसले तरी अनुभवलेले आहे!

म्हणून समितीने ठरवले ते असे. पायर काढून टाकली नाही. ती मागच्या मोकळ्या जागेत हलवली, पाखरांना फळे होतील. पाइपाजवळचे रोप गवंड्याकडून वीट काढवून मुळासकट सोडवले आणि विहाराच्या भिंतीपासून चाळीस फुटांवर लावले. कट्टा आताच बांधायचा नाही, बुंधा वाढू द्यायचा. पहिले पाणी आजींनी घातले. बोलावायला मी स्वतः गेलो होतो.

आता पाण्याच्या पाळ्या. सोमवार-गुरुवार महिला मंडळ, बाकी दिवस पोरे. यादी फळ्यावर लावली आहे. आणि कुंपणाच्या जाळीला खालून भोक पडले आहे, शेरडे आत तोंड घालतात. ते या रविवारी बुजवायचे आहे, ज्याच्या घरी तार असेल त्याने आणावी.

जयभीम! नमो बुद्धाय!